दोन नंबरचा दोष

वर्कशॉपमध्ये ती पेटी आली तेव्हा दादांनी तिला हात लावला नाही, आधी वाकून वास घेतला. माझे वडील कोणत्याही यंत्राचा आधी वास घेत. करपलेला क्लच, जळकं ऑइल, गाडीनं न जाळता टाकलेलं पेट्रोल, सगळं त्यांना नाकानं कळायचं. उरलेलं कानानं. ह्या पेटीला वासच नव्हता. "प्लास्टिक हाय निस्तं," असं म्हणून ते परत ट्रॅक्टरखाली शिरले. हे त्यांनीच मला संध्याकाळी दारातल्या दगडावर बसून हात धुताना सांगितलं. त्यांचं हात धुणं हा आमच्या घरातला मोठा कार्यक्रम असे. आधी रॉकेलची चिंधी, मग लाकडाचा भुसा आणि धुण्याचा सोडा, मग माय वरून तांब्यानं पाणी ओतायची. एवढं करूनही नखांच्या कडा काळ्याच राहायच्या आणि भाकरीच्या पहिल्या घासाला रॉकेलचा वास यायचा. माझ्या आजोबांच्या अंगाला मेंढरांचा वास यायचा, दादांच्या अंगाला ग्रीसचा. एका पिढीत एवढी मजल आम्ही मारली होती आणि दादांना तिचा अभिमान होता.

आमचं घर गंगाखेडात स्टेशनच्या अंगाला. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात आजोबांच्या कळपातल्या शेवटच्या दोन शेळ्या. थंडीत उसानं भरलेल्या ट्रॉल्या घरावरून जायच्या तेव्हा मांडणीवरची भांडी वाजायची आणि शेळ्या उगीच ओरडायच्या. माय चुलीपुढं बसून दोन्ही तळहातांनी भाकरी थापायची. तो थपथप आवाज आणि बाजूच्या पाट्यावर कारळाची चटणी वाटल्याचा आवाज, ह्या दोन आवाजांवर मी उठायचे. दादा चाळीस वर्षं इंजिनं ऐकत होते, पण घरात कोणी मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे. वर्कशॉपच्या मालकासमोर तर ते स्वतः जवळजवळ बोलतच नसत. "जी" आणि "व्हय जी", एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

बापूराव मालकांचं वर्कशॉप म्हणजे गावातलं मोठं ठिकाण. मालकांचा ऊस, मालकांचे ट्रॅक्टर, आणि त्यांच्याच दुरुस्तीसाठी काढलेल्या शेडमध्ये पुढं गावातल्या जीप, ट्रक, मोटारी येऊ लागलेल्या. दादा तिथले मुख्य मिस्त्री. मालक पुण्याला गेले असताना कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी पाहिलं, की वायरी जोडल्या की कंप्युटर सांगतो गाडीला काय झालंय. ते घेऊनच आले. शिलाई मशीनच्या पेटीएवढा, मुठीला धरून उचलायचा कंप्युटर. झाकण काढलं की तेच कीबोर्ड, आत वहीएवढा पडदा आणि त्यावर नारिंगी अक्षरं. सोबत चिमटे लावलेल्या वायरींचा एक डबा, फ्लॉप्यांचं पाकीट आणि बोटभर जाड इंग्रजी पुस्तक. विकणाऱ्यानं बसवून देण्यासाठी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं होतं. माणूस आला नाही. आठ दिवस ती पेटी कापडाखाली पडून राहिली, मग दादा न राहवून बोलून गेले, "आमची मंदा शिकलीय जी कंप्युटर."

मी शिकले होते ते परभणीला, एका खाजगी क्लासात, वर्षभर, रोज पॅसेंजरनं जाऊन. तिथंच सुशीला खंदारे भेटली. तीही गंगाखेडची, भीमनगरची, आणि एका गावात राहून आम्ही त्याआधी एकमेकींना पाहिलंही नव्हतं. सुशीला माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी आज मोठेपणानं म्हणत नाही, तेव्हाही मला ते रोज दिसायचं. मी कंप्युटरवर बटणं दाबून बघायचे, ती आधी पुस्तक वाचायची. इंग्रजी वाक्य अडलं की ते मनात तीनदा घोळवायची आणि मग त्याचं असं मराठी करायची की सर स्वतः लिहून घेत. डब्यात तिच्याकडं अंबाडीची भाजी असायची, वर लसणाची फोडणी. माय मला दोन भाकरी जास्त बांधून द्यायची आणि बजावायची, "तिला दे, पन तिच्या डब्यातलं खाऊ नको." मी वर्षभर खाल्लं आणि घरी सांगितलं नाही. तेव्हा मला वाटायचं, मी फार धीट आहे. न सांगता खाण्यात कसला आलाय धीटपणा?

मालकांनी बोलावलं तेव्हा मी सुशीलाला सोबत घेऊन गेले. ते पुस्तक मला एकटीला झेपणारं नव्हतं. शेडच्या कोपऱ्यात काच लावलेली एक खोली होती, तिथं आम्हाला बसवलं. दुपारपर्यंत आम्ही तीन फ्लॉप्या कंप्युटरमध्ये उतरवल्या. चौथी वाचली जाईना. सुशीलानं ती उजेडात धरून पाहिली, म्हणाली, "धूळ बसलीय. उद्या क्लासात नेऊन दुसरीवर उतरवून आनू." तेवढ्यात चहा आला. मला मालकांच्या घरच्या कपातून, तिला समोरच्या हॉटेलाच्या काचेच्या ग्लासातून. तिनं ग्लासाकडं पाहिलं, माझ्या कपाकडं पाहिलं आणि चहा न पिता पुस्तकाचं पान उलटलं. मी प्यायले.

निघताना मालकांनी मला मागं थांबवलं. ते कधी ओरडून बोलत नसत. "मंदा, तू येत जा," म्हणाले, "तिला नको आनू. दिवस कसे हायेत तुला दिसायलंय. गिऱ्हाईक बघतंय, उगं बोलनं व्हायला नको." विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय जाहीर होऊन आठवडा झाला नव्हता. दोन दिवस एसटी बंद होती, पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या आणि ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नव्हती ते हॉटेलात बसून त्याच्या नावावरून दात खात होते. मी मालकांना "जी" म्हणाले. दादांचाच शब्द, दादांच्याच आवाजात. बाहेर येऊन सुशीलाला काय सांगावं हे ठरवत होते, तर तीच म्हणाली, "कळलं मला. पुस्तक दे. घरी बसून लिहिते."

तिनं चौथी फ्लॉपी क्लासातून उतरवून आणली आणि दहा दिवसांत दोनशे पानी वही भरली. पुस्तकाचं शब्दाला शब्द भाषांतर नव्हतं ते. कोणता पडदा येईल, त्यावर काय लिहिलेलं असेल, कोणतं बटण दाबायचं आणि न जमल्यास काय पाहायचं, असं सगळं मराठीत, ओळीनं. वायरींचा डबा सापडत नाही असं कंप्युटर सांगत होता तेव्हा वहीत होतं, मागे दोन तोंडं आहेत, दुसऱ्याला जोडून पाहा. जोडलं आणि सापडला. एका पानावर तिनं लाल शाईनं चौकट केली होती. इंजिनात चार सिलिंडर असतात आणि ते एकापाठोपाठ एक नाही, एका ठरलेल्या क्रमानं पेट घेतात. हा प्रोग्राम परदेशातला, त्यात आधीच भरलेला क्रम तिकडच्या गाड्यांचा. चौकटीत लिहिलं होतं: "गाडीप्रमाणे क्रम बदलावा. मिस्त्रींना विचारावे. न बदलल्यास दोनचा दोष तीनच्या नावावर जाईल." मी दादांना विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, एक, तीन, चार, दोन. मी तो भरला. दादांची गाडीची विद्या आणि सुशीलाचं इंग्रजी त्या नारिंगी पडद्यावर एकत्र आलं होतं, आणि मधे बटण दाबायला तेवढी मी.

पेटी चालू झाली आणि मालकांचा पुतण्या विक्रम पुण्याहून आला. तो तिथं इंजिनिअरिंगला होता, कितव्या वर्षाला हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. त्यानं मला खुर्चीवरून उठवलं. "आता मी बघतो," म्हणाला. मी बसवलेलं सगळं त्यानं पुसलं आणि फ्लॉप्यांवरून पुन्हा उतरवलं, म्हणजे त्यानं बसवलं असं म्हणता येईल. वही तिथंच टेबलावर होती. त्यानं ती उघडली नाही.

चार दिवसांनी नारळ फोडला. गावातले पंधरावीस लोक, पेढे, सतरंजी. गाडी होती डॉक्टरांची अॅम्बॅसेडर. ती चालताना अडखळायची, एक सिलिंडर काम करत नव्हता. दादांनी सकाळीच तिला ऐकलं होतं. चालू इंजिनाच्या एकेका प्लगची वायर काढून ते कान देत. जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. "दोन नंबर," त्यांनी सांगितलं होतं. आता विक्रमनं चिमटे लावले, बटणं दाबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तीन नंबर."

दादा हळूच म्हणाले, "दोन हाय जी."

"मिस्त्री, कंप्युटर खोटं बोलत नसतो," विक्रम हसला. "चाळीस वर्षं हातोडीचा आवाज ऐकून कान गेलेत तुमचे." लोक हसले. मालकही हसले. म्हणाले, "लिंबाजी, आता आराम करा तुमी. कानाचं काम संपलं." ही थट्टा नव्हती. ते ज्या सुरात बोलले तो मला कळला, दादांनाही कळला. त्यांनी हातातला पाना खिशात घातला, परत काढला आणि कुठं ठेवावा हे न कळल्यासारखे उभे राहिले.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी विक्रमच्या खांद्यावरून पडदा पाहिला. क्रम होता एक, दोन, चार, तीन. मी त्याला बाजूला सारलं, खरं म्हणजे ढकललंच, आणि क्रम बदलून तपासणी पुन्हा लावली. पडदा थोडा वेळ कोरा राहिला, मग अक्षरं आली. "दोन!" मी ओरडले. "बघा, दोन! काढा प्लग!" दादांनी प्लग काढला. ऑइलनं काळा, ओला. लोक वाकून तो बघू लागले आणि तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. पण माझा राग थांबला नाही. "ह्यानं काही बसवलं न्हाई," मी म्हणाले. "हे सगळं मी बसवलंय. मी एकटीनं!"

डॉक्टर हसून म्हणाले, "शाब्बास! मिस्त्री, पोरगी वाघीण निघाली." मालकांनीही मग सूर बदलला. मेंढरामागची जात, पण बघा कशी कंप्युटर चालवती, असं ते चारचौघांना सांगू लागले. त्या दिवसापासून पेटी माझी झाली, मला खुर्ची मिळाली. दादा घरी येऊन हात न धुताच अंगणात बसले आणि शेळीच्या पाठीवरून किती तरी वेळ हात फिरवत राहिले. मायनं धपाटे केले होते. मी चार खाल्ले. मला सुशीलाची आठवण त्या दिवशी झाली नाही. हे लिहायला आज हात जड होतो, पण झालं तसंच होतं.

ती मला तीन दिवसांनी स्टेशनवर भेटली. तिची आई डॉक्टरांच्या दवाखान्यात झाडायला जायची, तिथं गोष्ट पोचली होती.

"एकटीनं बसवलंस म्हनं," सुशीला म्हणाली.

"रागात निघालं गं तोंडातून."

"रागात तुझं नाव बरं ध्यानात राहिलं."

"चुकलं माझं."

"मला काऊन सांगायलीस? तिथं सांग."

मी त्याच दुपारी सांगितलं. मालक एकटेच पेपर वाचत बसले होते. मी म्हणाले, "मालक, ती वही सुशीलानं लिहिली होती." ते म्हणाले, "कोन सुशीला?" मी म्हणाले, "माझी मैतरीन." ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. इतकं सोपं होतं. मी हलकी होऊन दुसऱ्या दिवशी सुशीलाला गाठलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कोन कोन होतं तिथं?"

"मालक."

"त्या दिवशी किती जन होते?"

"पंधरावीस."

"अन् आडनाव घेतलंस का माझं?"

"त्यांना ठाऊक हाय की."

"त्यांना ठाऊकच हाय," सुशीला म्हणाली. "तू घेतलंस का?"

तिच्या ह्या प्रश्नाचा मला भयंकर राग आला. घरी येईपर्यंत मी तिला मनात नाही नाही ते बोलले. एवढं केलं तरी हिचं समाधान नाही, माझी जागा घालवायला निघाली आहे, असं सगळं. रागात माणूस किती हलकं बोलतो हे मी इतरांकडून नाही, स्वतःकडून शिकले. दोन दिवस हे चाललं. मग कधीतरी कळलं, की मी आडनाव विसरले नव्हते. ते तोंडात आलं होतं आणि मी ते गिळलं होतं. मालकांनी तिच्या येण्यावर घातलेली बंदी मी तिच्या आडनावावरही घातली होती.

सोमवारी डॉक्टर गाडी दाखवायला आले. शेडमध्ये सगळी माणसं होती, दोन ट्रकवाले होते, विक्रम होता. मी खुर्चीवरून उठले. आवाज मोठा निघाला. "डॉक्टरसाहेब, ही पेटी मी एकटीनं बसवली न्हाई. सुशीला किसन खंदारेनं बसवली. भीमनगरची. तिला इथं येऊ दिलं न्हाई म्हणून तिनं घरी बसून वही लिहिली. मी निस्ती बटनं दाबली."

डॉक्टर म्हणाले, "किसनची? आमच्याकडं झाडायला येती तिची पोरगी?"

"व्हय. तीच."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मालक उठून जवळ आले आणि अगदी मायेनं बोलल्यासारखं म्हणाले, "मंदा, घरी जा. उद्यापासून येऊ नको." मग दादांकडं वळून, "लिंबाजी, पोरीला सांभाळा. दिवस कसे हायेत." दादा म्हणाले, "जी."

तो "जी" माझ्या कानात अजून आहे. त्यांच्याच चाळीस वर्षांच्या विद्येला पंधरावीस जणांसमोर मातीत घालणाऱ्याला हे "जी". घरी ताटावर बसल्यावर ते मला म्हणाले, "आडनाव घ्यायची काय गरज होती?" मी म्हणाले, "तुमी दोन म्हनत होता अन् समदे तीन म्हनून हसत होते, तवा मी बोलले. तवा गरज होती का न्हवती?" माय मधे पडली, "हे समदं तिच्यापायी झालंय. आधीच सांगत होते तिच्यापून दूर ऱ्हा." मी तिला म्हणाले, "मी वरीसभर तिचा डबा खाल्लाय." दादा ताटावरून उठले. भरल्या ताटावरून ते उठलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. महिनाभर आमच्यात बोलणं नव्हतं. शेळ्यांशी बोलल्यासारखं करून ते मला निरोप द्यायचे.

ते मात्र कामावर जात राहिले, पुढं हात चालेनात तोवर. तेव्हा मला तो भित्रेपणा वाटायचा. पुढं माझ्या पदरात दोन मुलं आली तेव्हा तो शब्द मी मागं घेतला, त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. पेटी उन्हाळ्यात विजेच्या झटक्यानं जळाली आणि गोण्यांखाली गेली. विक्रम पुढं ऊसच बघू लागला. मी तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग केलं, नंतर स्वतःचा क्लास काढला. सुशीला परीक्षा देऊन सरकारी कचेरीत लागली आणि लातूरहून चांगल्या जागेवरून निवृत्त झाली. हे सगळं नंतरचं.

काम सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं डोक्यावर आली असताना, मी भीमनगरात तिच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. तिचं घर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. ती ओट्यावर बसून तूर निवडत होती. मला पाहून उठली नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं, काय बोलले, कोण होतं, डॉक्टर काय म्हणाले, मालक काय म्हणाले. सुपातले खडे वेचत ती ऐकत होती.

"अन् तुझे दादा?"

"हायेत कामावर."

"बरं झालं. एकाची तरी भाकर राहिली." तिनं सूप झटकलं. "पन तू सांगितलंस त्यात मला काय मिळालं? खुर्ची तुला भेटली होती, ती तू सोडलीस. मला तर कोनी विचारलंबी न्हवतं."

ते खरंच होतं.

"माझा राग गेला न्हाई, बरं का," ती म्हणाली.

"माझाबी न्हाई."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. मग बाजूचं गोणपाट हातानं झटकून माझ्याकडं सरकवलं.

"मग बस," म्हणाली.